धान आपलं नव्हतं

गिरणीतली पाळी संपवून होस्टेलवर आले, तर आईचा फोन. "तुझ्या बाबाले ठाण्यात बोलावून राहिले." तमिळनाडूतल्या सूतगिरणीतून सुट्टी काढून मी आमगावला आले. आठवीतून शाळा सुटलेली मी. ठाणं म्हटलं की मला बेड्याच दिसतात.

गावच्या व्यापाऱ्यानं बाहेरून स्वस्त धान आणलं आणि सरकारी खरेदी केंद्रावर गावकऱ्यांच्या नावानं विकलं. तिथला भाव शेतकऱ्यालाच मिळतो, म्हणून त्याला सातबारे हवे होते. बाबांनी आमचा दिला, फुकट. त्यांच्या गुडघेदुखीमुळे शेत तेव्हा पडीतच होतं. शिवाय बहिणीच्या लग्नात हाच माणूस पंगतीत वाढायला उभा राहिलेला. आमच्याकडे सातबारा असाच देतात, बैलजोडी मागितल्यावर द्यावी तसा.

गोंदियाच्या वकील मॅडमनी फीचं नाव न काढता आधी चहा पाजला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाल्या, "नुसतं खोटं बोललं म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. खोटं आहे हे माहीत असून, त्याच्या जोरावर समोरच्याकडून काही काढून घेतलं, किंवा त्यात साथ दिली, की होतो. बाबांना माहीत होतं का, यावर सगळं आहे."

ऑटोत मी बाबांना हे आमच्या भाषेत समजावलं.

"पण फसलं कोण?"

"सरकार."

"सरकारनं माहं काय बिघडवलं, का मी त्याले फसवू?"

"बाबा, मले मालूम नव्हतं म्हणा. बस, एवढंच."

ठाण्यात जमादारानं विचारलं, "धान तुमचं नाही, हे माहीत होतं?"

"मालूम होतं ना, साहेब. माह्या बांधीत तर धानाचा पऱ्हाच नव्हता टाकला, वावर पडीत होतं."

जमादाराचा पेन थांबला. "काका, विचार करून सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "विचार कायले? आता खोटं सांगून सुटलो, तर हे पोरगी ज्याले फसवणूक म्हणून राहिली, तेच होईल ना."

साक्षीदार होऊ शकले असते, ते बाबा आरोपी झाले. मॅडमनी जामीन करून दिला. व्यापारी आता आमच्या घरावरून जात नाही.

मी निघाले त्या दिवशी स्टेशनवर बाबांनी हळूच विचारलं, "मंग मी चोर आहो का, बेटा?"

"नाही, बाबा."

"मंग काऊन रडून राहिली?"

गाडी आली. मी पिशवी उचलली. त्यांना कोर्टाची पुढची तारीख तेवढी पुन्हा सांगितली.