फुल फ्रेमात आलेला भाऊ

नांदेडहून निघालो तेव्हा माझा नवा फुल फ्रेम कॅमेरा इतका जड होता, की एसटी लोह्यापर्यंत एका अंगाला कलून चालली. कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं. मी संतापून म्हणालो, "मांडीवरचं लेकरू हाय हे."

लोह्याला चहावाल्यानं विचारलं, जुन्यात अन् यात फरक काय?

"जुना क्रॉप सेन्सरचा. कडेचं सोडून मधलंच घ्यायचा. हा अख्खं घेतो."

"म्हणजे इतकी वर्षं उगीच खामखा अर्धेच फोटू काढून राहिले होते?"

चहा तसाच ठेवून उठलो.

चाकूरजवळच्या गावात दिगंबररावांच्या मुलीचं लग्न होतं. माझ्या पायांना जागा पाठ आहे: नवरानवरीपासून सहा पावलं. तिथंच उभं राहून, जुनीच लेन्स लावून अक्षतांचे फोटो काढले. जेवणात वांग्याची भाजी अशी जहाल, की माझ्या कानांतून निघालेल्या धुरानं मांडव झाकोळला. बुंदीला हात घालतोय तोच दिगंबरराव फोटो बघायला आले.

"फोटोवाले, एवढा मोठा कॅमेरा अन् तोंडं बारकी? अन् हा कोण?"

उजव्या कडेला, मांडवाबाहेर, त्यांचा धाकटा भाऊ माणिक उभा होता. शेताच्या बांधावरून सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. बोलावणं नसताना येऊन, हात उंच करून तो अक्षता टाकत होता. जुन्या कॅमेऱ्यात तो आलाच नसता.

"काढून टाका त्याला."

माझं डोकं फिरलं. "माणसं कापायची तर जुनाच काय वाईट होता? न्हाई कापणार."

नवरी मागून वाकून बापाला म्हणाली, "अण्णा, काकानं आबाचा फेटा बांधलाय."

आबा म्हणजे या दोघा भावांचे वारलेले वडील. दिगंबररावांनी फोटो मोठा करायला लावला. लई वेळ बघत राहिले. तेवढ्यात माझ्या बुंदीवर माश्यांची दोन लग्नं लागली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्यासोबत लातूरला आले. मोठा फोटो छापला; डाव्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत माझं नाव. फ्रेमवाला म्हणाला, "काच बारकी हाय, मालक. एक बाजू कापावी लागंल."

"उजवी नको. तिथं माझा भाऊ हाय," दिगंबरराव म्हणाले.

मला कोण विचारतो? फ्रेमवाल्यानं डावीकडून मोजपट्टी लावून ब्लेड ओढलं.

फ्रेम छातीशी धरून दिगंबरराव गाडीत चढले. आधी माणिकच्या घरी जाणार होते. मी नांदेडच्या गाडीत बसून खिशातली फोटोची कापलेली पट्टी काढली. तिच्यावर माझं नाव होतं आणि नवऱ्याच्या मामाचं अर्धं कोपर. एवढा फुल फ्रेम घेऊन शेवटी कापला गेलो तो मीच. हा फोटो कुणी काढला, असं माणिकच्या घरी कुणी विचारलंच, तर मला बोलवा. पुराव्याला कोपर माझ्याकडे आहे.