बारा खुंट्यांचं घर

लवू परबाला मी आयुष्यात एकदाच शांत बसून विचार करताना पाहिलं. सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. लालबागच्या आमच्या खोलीत आपल्या ट्रंकेवर बसून तो कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काहीतरी काढत होता. तासाभरानं त्यानं ते पान माझ्यापुढे धरलं आणि हा घराचा नकाशा असल्याचं सांगितलं. मला त्यात एक चौकोन दिसला आणि त्या चौकोनाला एक दार.

आमची खोली म्हणजे गावकीची खोली. कणकवलीजवळच्या एकाच गावचे आम्ही बारा बाप्ये तिथं राहायचो आणि बायकामुलं राहायची गावाला. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी, एवढाच संसार. जेवण खानावळीत, आंघोळ खालच्या नळावर पंचा गुंडाळून, आणि झोप जिथं पाय लांब करायला मिळतील तिथं. कोणाचं पोस्टकार्ड आलं की ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, आणि वाचायचं काम बहुतेक माझ्याकडे, कारण पार्ल्याच्या एका ऑफिसात मी कारकून होतो आणि मला चष्मा होता. लवूनं त्या खोलीत चौदा वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ तो लग्न झालेला होता, पण ते त्याला बघून कोणी ओळखलं नसतं. त्याची मुलगी सुलक्षणा सहा वर्षांची झाली होती, आणि तिच्या लेखी बाप म्हणजे आंब्यांच्या दिवसांत येणारा पाहुणा होता.

ब्याऐंशीच्या संपात लवूची गिरणी गेली आणि वर्षभर इकडेतिकडे केल्यावर तो मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. मग जोगेश्वरीला, पूर्वेच्या टेकडीच्या उतारावर, आमच्याच गावच्या एका म्हाताऱ्यानं आपली पत्र्याची खोली लवूच्या हवाली केली आणि तो गावाला निघून गेला. झालं, लवूच्या डोक्यात घर शिरलं. पत्रे काढायचे, विटांचं पक्कं घर उभं करायचं, मे महिन्यात बायकोला, म्हणजे आमच्या शेवंतीवहिनीला, आणि मुलीला कायमचं आणायचं आणि जूनमध्ये सुलक्षणाचं नाव इथल्या शाळेत घालायचं. एकदा ती गावच्या शाळेत बसली की वहिनी तिला तिथून हलवणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे यंदा नाही तर मग त्यानं जन्मभर खुंटीवरच लटकायचं.

एखादा गवंडी लाव, असं मी सुचवलं तेव्हा मी त्याच्या आईवरून काही बोललो असल्यासारखं त्याचं तोंड झालं. अकरा माणसं घरची असताना गवंडी कशाला, असं त्याचं म्हणणं. या अकरा माणसांत सहा विणकर होते, एक जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, दोघे खात्यात झाडू मारणारे, नंदू पखवाज वाजवणारा, आणि मी. नंदू गिरणीतही होता, पण तिथं तो काय करत असे हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. विणकरांतला एक म्हणजे शेवंतीवहिनीचा सख्खा भाऊ दादू. वीट हातात धरण्याचा अनुभव फक्त त्याला होता, आणि तोही एकदा एका भांडणात.

एका रविवारी आम्ही सगळे टेकडीवर जमलो. खंडूतात्या, म्हणजे तो जॉबर, वयानं थोर, म्हणून नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं त्यानं घातलं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला असं मोठ्यानं सगळं सांगावं लागतं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं. खंडूतात्यानं भिंत मागितली, छप्पर मागितलं, चांगला शेजार मागितला, लवूची नोकरी टिकू दे म्हणाला, कोणाची दृष्ट लागू नये म्हणाला. काही म्हणून राहिलं नाही असं आम्हाला वाटलं आणि आम्ही जोरात 'होय महाराजा' म्हणालो.

मग चार महिने दर रविवारी आम्ही घर बांधलं. लवू स्वतः बांधत नसे, तो बांधून घेत असे. कमरेवर हात ठेवून तो मध्ये उभा राही आणि प्रत्येकाला शाबासकी देई, ती काम सुरू व्हायच्या आधीच. नंदू सिमेंट कालवायचा तेव्हा फावडं ठेक्यात पडायचं आणि दोघेतिघे नुसते ऐकत उभे राहायचे. मला ओळंबा दिला होता. दोरीला लटकणारा तो लोखंडी गोळा धरून भिंत सरळ आहे की नाही हे मी सांगायचं. चष्मेवाला माणूस हे काम बरोबर करणार अशी सगळ्यांची समजूत. उत्तरेकडच्या भिंतीला मध्यावर पोट सुटलं ते माझं. लवूनं तेही चालवून घेतलं. भरल्या घराची भिंत अशीच असते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

छपराच्या बाबतीत मात्र त्यानं कोणाचं ऐकलं नाही. ओळीतली सगळी घरं सिमेंटच्या पत्र्यांची, बसकी. लवूनं गावासारखा उभा उतार धरला आणि वर मंगलोरी कौलं चढवली. घरापुढं एक ऐसपैस कट्टा बांधला, भजनाला बसायला. आत देवासाठी कोनाडा, पखवाजासाठी वेगळी फळी. स्टोव्ह ठेवायला ओटा केला तो मी आठवण केली म्हणून, आणि त्याबद्दल मी पुढं फार दिवस मिरवत होतो. सगळ्यांत शेवटी खंडूतात्यानं पूर्वेच्या भिंतीत एका ओळीत बारा खुंट्या ठोकल्या. घर एका कुटुंबाचं आहे आणि त्यात बारा खुंट्या कशाला, असा प्रश्न बाराजणांतल्या एकालाही पडला नाही.

प्रश्न पडला तो शेजारच्या कमलताईंना, आणि तोही दुसराच. त्यांचे यजमान अंबादास जालन्याकडचे, मरोळलाच कामाला. आम्हाला रविवारी पाणी आणि चहा त्यांच्याच घरून यायचा. एकदा कमलताई घरात डोकावल्या, चारी कोपरे बघितले आणि लवूला विचारलं, की दादा, पाणी कुठून काढणार? लवूनं त्यांना बाहेर नेलं, छपराचा उतार दाखवला आणि पावसाचा एक थेंब इथं थांबणार नाही, असं अर्धा तास समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्या मान हलवून गेल्या. पुढच्या रविवारी अंबादास तेच सांगायला आले, तर लवूनं त्यांनाही उतार दाखवला.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी शेवंतीवहिनी आल्या. रात्रभराचा एसटीचा प्रवास, अंगभर धूळ, काखेत पेंगणारी सुलक्षणा. आम्ही बाराही जण इस्त्रीचे सदरे घालून कट्ट्यावर हजर. वहिनींनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, आत आल्या, देवाच्या कोनाड्याला नमस्कार केला. पोट सुटलेल्या भिंतीवरून हात फिरवला, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. खुंट्यांकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्या पुढं झाल्या, आणि लवू आमच्याकडे बघून जिंकल्यासारखा हसला.

मग त्यांनी ट्रंक उघडली, धुतलेलं लुगडं काढलं, बादली उचलली आणि घराच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. एका कोपऱ्याकडे पाहिलं, तिथं ओटा. दुसऱ्यात पखवाजाची फळी. तिसऱ्यात ट्रंका, चौथ्यात दार. हातात बादली घेऊन त्या सावकाश एक पूर्ण गिरकी फिरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या घरात बायलमाणसान न्हावचा खंय?"

चौदा वर्षांच्या सवयीनं लवूचा हात वर गेला आणि बाहेरच्या, भररस्त्यातल्या नळाकडे वळला. तिथं तो तसाच राहिला आणि मग हळूच खाली आला. आम्ही मोरी विसरलो होतो. बारा शहाणे, चार महिने, आणि घराला मोरी नाही. आम्हाला कधी लागलीच नव्हती ना. घरात बाईमाणूस राहणार आहे, तिला आंघोळीला आडोसा लागेल, भांडी घासायला जागा लागेल, हे आमच्या अकलेच्या पलीकडचं होतं. मला त्या क्षणी ओट्याबद्दल मिरवल्याची इतकी लाज वाटली की मी चष्मा काढून पुसायला घेतला.

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बादली घेऊन कमलताईंकडे गेल्या आणि आंघोळ करून आल्या. आठवडाभर दोघी मायलेकी तिकडेच आंघोळीला जात होत्या. स्वयंपाक करायच्या, लवूला डबा द्यायच्या, आणि घराबद्दल चांगलं वाईट काही बोलायच्या नाहीत. त्या गप्प राहण्यानं लवू पार खचला. ट्रंकेतलं सामान अजून बाहेर काढत नाही, शाळेचं नाव काढलं तर बघू म्हणते, असं तो मला पार्ल्याच्या ऑफिसात येऊन सांगून गेला. कारखान्यातून परतल्यावर रोज संध्याकाळी तो एकटाच दक्षिणेकडचा कोपरा खणत बसायचा, कारण पखवाजाची फळी काढायला तिथं सोपी होती.

पुढच्या रविवारी आम्ही मान खाली घालून परत टेकडीवर गेलो. लवूनं कोपऱ्यात फरशीचे तुकडे बसवून मोरीचा तळ केला होता आणि भिंतीला पाणी जायला भोकही पाडलं होतं. आता वरून सिमेंट फिरवलं की झालं, असं तो वहिनींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होता. खंडूतात्यानं नारळ काढला. वहिनी ओट्याजवळून उठल्या, एक तांब्या भरून घेतला आणि गाऱ्हाण्याच्या आधी तो मोरीत ओतला. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, मग भोकाकडे पाठ करून निघालं आणि थेट खंडूतात्याच्या पायापर्यंत आलं.

वहिनींनी पदर कमरेला खोचला, लुगडं वर घेतलं, लवूच्या हातातली थापी काढून घेतली आणि फरशीचा एकेक तुकडा उपटायला सुरुवात केली. नंदूला वाळू चाळायला सांगितली आणि ठेका धरू नको म्हणून बजावलं. भोक वीतभर खाली घ्यायला लावलं. मोरीच्या काठाला विटा कमी पडल्या तेव्हा त्यांनी एकदा बाहेर पाहिलं, आणि दादूनं निमूटपणे भजनाच्या कट्ट्याचा हातभर भाग तोडून विटा आत आणल्या. माझ्याकडून ओळंबा मागून घेतला तो त्यांनी परत दिला नाही. दर थराला त्या तांब्याभर पाणी ओतायच्या, ते कुठं जातं बघायच्या आणि थापीनं इथं दाबायच्या, तिथं उचलायच्या. दुपारपर्यंत पाणी ओतलं की सरळ भोकातून बाहेर जायला लागलं. अंबादास आणि कमलताई दारात उभं राहून बघत होते.

लवू तोंडाचा आ करून हे सगळं पाहत होता. शेवटी त्यानं विचारलंच, की हे तुला कोणी शिकवलं?

वहिनींनी मानही वर केली नाही. "गावाकडली पडवी कोणी बांधल्यान म्हणान वाटला तुमका?"

तीन वर्षांपूर्वीचं ते पोस्टकार्ड मला लख्ख आठवलं. 'पडवी बांधून झाली, काळजी नसावी.' मीच ते खोलीत मोठ्यानं वाचलं होतं. लवूनं बरं झालं म्हटलं, आम्हीही बरं झालं म्हटलं, आणि कोणीतरी भातशेतीची चौकशी केली. पडवी आपली आपणच उगवली असावी, असंच आम्ही धरून चाललो होतो. लवूही तेच आठवत असावा, कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सिमेंट फिरवून झालं. दोन दिवस कोणी पाय ठेवायचा नाही आणि दर थोड्या वेळानं पाणी मारायचं, असं वहिनींनी सांगितलं. सगळे कट्ट्याच्या उरलेल्या भागावर दाटीवाटीनं चहाला बसले, तेव्हा दादू बहिणीजवळ गेला आणि जरा चाचरत म्हणाला, "काय गे शेवंते, मगे मंगळवारच्या गाडयेचा काय करू?"

"खंयची गाडी?" लवूनं विचारलं.

दादूनं खिशातून एसटीचं तिकीट काढलं. मुंबई ते कणकवली, एक पूर्ण, एक अर्धं, मंगळवारचं. वहिनींनी गावाहून निघण्यापूर्वीच त्याला पत्र पाठवून ते काढायला सांगितलं होतं, आणि हे एकच पत्र आमच्या खोलीत मोठ्यानं वाचलं गेलं नव्हतं. लवूनं तिकीट हातात घेऊन दोनदा वाचलं. नऊ वर्षं तो तिला मुंबईला आणायचं ठरवत होता. ती राहील की नाही हे तिनं ठरवायचं आहे, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याचे डोळे भरून आले. चौदा वर्षांत मी लवूला असं पाहिलं नव्हतं.

वहिनी बाहेर बसून थापी धूत होत्या. त्या भावाला म्हणाल्या, "तूच जा त्या गाडयेन. माझ्या सासूक सांग, माका मुंबयत काम गावला."

लवू उठला. मोरीला पाणी मारायची वेळ झाली होती. त्यानं दोन्ही बादल्या घेतल्या आणि नळावर जाऊन पाण्याच्या रांगेत उभा राहिला. रांगेत सगळ्या बायका होत्या, आणि तो.