महागू मिस्त्रींचा खडू

शिलाई मशीनचं तेल मी एकदा मोटारीच्या ब्रेकला घातलं होतं. पुढच्या दोन्ही चाकांना, लांब नाकाच्या तेलदाणीनं, फटीत नेम धरून. ब्रेक चिरकत होता म्हणून. मशीन चिरकलं की आपण तेल घालतो, दार करकरलं की तेल घालतो, मग ब्रेकनंच काय पाप केलंय? तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, पदार्थविज्ञानात बी.एस्सी. होते आणि घर्षणावर पानभर लिहू शकत होते. नातवंडं म्हणतात, "आजी, तू एवढी हुशार होतीस?" होते ना. म्हणून तर.

पुढे काय झालं ते सांगायचं, तर आधी महागू मिस्त्री सांगायला हवेत. आणि मिस्त्री आठवले की अजून माझ्या कपाळावर आठी येते.

गड्डीगोदाम भागात त्यांचं गॅरेज होतं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या बाबांच्या गाडीचं चाक हुंगत होते. खरोखर, गुडघे टेकून, डोळे मिटून, बाजारात खरबूज हुंगावं तसं. मला हसू फुटलं. डोळे न उघडता ते म्हणाले, "हासा, बाई. पण जळला ब्रेक अन् गळतं तेल आधी नाकाले समजते. डोळ्याले समजते तवा गाडी झाडावर राहते."

बहात्तर-त्र्याहत्तरचे दिवस. शहरातल्या हौशी मंडळींचा एक मोटर क्लब होता. हिवाळ्यात एका रविवारी ही मंडळी कन्हान नदीच्या पलीकडच्या एका जुन्या, ओसाड धावपट्टीवर जमायची. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, आणि पट्टीच्या टोकाला चुन्याची रेघ असायची तिच्या आत थांबायचं. बायकांना गाडी चालवू द्यावी की नाही यावर क्लबनं दोन वर्षं चहा प्यायला. शेवटी मला परवानगी मिळाली, आणि मी अशी फुगले की विचारू नका.

गाड्या तपासायचं काम मिस्त्रींकडे. आदल्या दिवशी प्रत्येक गाडी गॅरेजात न्यायची आणि तास-दीड तास त्यांचा छळ सोसायचा. ते चाकांचे ब्रेक-ड्रम उघडायचे, आतलं ब्रेकचं अस्तर नखानं मोजायचे, रबरी नळ्या चिमटीत धरून पिळायचे. मग आपल्याला आत बसवून म्हणायचे, "पाय दाबा. दाबूनच ठेवा." आणि सावकाश वीसपर्यंत मोजायचे. मध्येच कुणी भेटायला आलं तर त्याच्याशी बोलायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे.

"मिस्त्री, पाय दुखतोय माझा!"

"तुमचा पाय दुखून राहिला न? दुखू द्या. पेडल खाली बसून राहिलं काय, ते सांगा."

सगळं मनासारखं झालं की ते खिशातून खडू काढून चारही चाकांवर एकेक फुली मारायचे. त्या फुलीनंतर चाकाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. आणि त्या नियमाला त्यांनी स्वतःची एक जोड दिली होती. रविवारी ते पट्टीच्या टोकाला, चुन्याच्या रेघेच्या पलीकडे पंधरा पावलांवर, गाडीच्या बरोब्बर समोर उभे राहायचे. हाताची घडी घालून. प्रत्येक गाडीला. क्लबनं कितीदा सांगून पाहिलं. "फुली माही आहे, तं समोर मी नाही तं कोण उभं राहीन?" एवढंच उत्तर. डोकं आपटावंसं वाटायचं.

मी तेल घातलं त्या शनिवारी बाबांच्या गाडीवर फुल्या मारून ते म्हणाले, "थोडा चिरकते ब्रेक. नवं अस्तर आहे, चिरकू द्या. अन् हे ध्यानात ठेवा. ब्रेक नाही लागला तं गेर पाडा. गेरानं नाही भागलं तं शेत पाहा. माणसाकडे पाहू नका." हे त्यांनी मला निदान दहाव्यांदा ऐकवलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं का पुराण?

घरी येताना सदर भागातल्या चौकात ब्रेक असा चिरकला की दोन सायकलवाले वळून हसले. उद्या सगळ्या क्लबसमोर असंच हसं होणार? घरी आले, मशीनची तेलदाणी घेतली, अंगणात गाडीखाली शिरले. फुल्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून केवढी काळजी घेतली! गल्लीत एक चक्कर मारली तर ब्रेक गप्प. काय खूश झाले मी स्वतःवर. सावकाश चालवताना तो लागतही होता, जरा मऊ. मला वाटलं, सुधारला.

रविवारी सकाळी मिस्त्री प्रत्येकाला विचारत फिरत होते. माझ्याही खिडकीशी आले. "फुलीनंतर चाकाले कोणी हात लावला काय, बाई?"

"छे! कुणीच नाही."

ते चालत चालत टोकाला गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

गाडी सुसाट निघाली. रेघ जवळ आली, मी ब्रेक दाबला, आणि चाकांना जणू लोणी लावलं होतं. पेडल कडक, पण गाडी पळतेच आहे. दोन्ही पाय दिले. रेघ गेली. समोर मिस्त्री. ते पळाले नाहीत. त्यांनी घडी सोडली आणि उजवा हात आडवा धरला, चौकातल्या पोलिसासारखा, पट्टीशेजारच्या तुरीच्या शेताकडे. मी गिअर खाली पाडला, स्टीअरिंग वळवलं आणि धडधडत तुरीत घुसले. गाडी थांबली तेव्हा काचेवर शेंगा होत्या आणि मिस्त्रींचा सदरा आरशाला घासून फाटला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघे टेकले, चाक हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग बाहीनं चारही फुल्या पुसल्या.

क्लबचे सेक्रेटरी, एक वकीलसाहेब, धावत आले. "मिस्त्री, तुमची फुली पाहून आम्ही गाडी सोडली. हे काय आहे?"

"फुली माही होती, सायेब. चूक माहीच."

आणि मी? मला सावलीत बसवलं होतं. 'बिचारी पोरगी' म्हणून कुणीतरी संत्री सोलून देत होतं. मी दोन संत्री खाल्ली. गप्प बसून. पन्नास वर्षं झाली, त्या दोन संत्र्यांची चव अजून तोंडातून जात नाही. तिसरं हातात होतं तेव्हा वकीलसाहेबांनी हात पुढे केला. "खडू द्या तो. पुढच्या वेळेपासून दुसरा माणूस पाहू." मिस्त्रींनी खडू काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "तेल मी घातलं. मशीनचं. मिस्त्रींना मी खोटं सांगितलं."

बाबाही गर्दीत होते; त्यांचा चेहरा मी सांगत नाही. वकीलसाहेबांनी खडू परत दिला, मिस्त्रींनी तो खिशात टाकला आणि पुढच्या गाडीकडे वळले. 

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले. त्यांनी माझ्यापुढे दोन्ही ड्रम, पेट्रोलचा डबा आणि पॉलिशपेपर ठेवला. तेल प्यालेलं अस्तर कचऱ्यात टाकलं. ते धुऊन चालत नाही म्हणाले. चार दिवस मी घासत होते. नखं गेली, साडी गेली. "झालं का?" विचारलं की हुंगायचे आणि म्हणायचे, "अजून टेलरिंग क्लासचा वास येऊन राहिला."

चौथ्या दिवशी मी चिडले. "तुम्हाला तर तिथंच वासानं कळलं होतं. मग वकीलसाहेबांना सांगितलं का नाही?"

त्यांनी खडू माझ्या काळ्या हातावर ठेवला. एरवी मला 'बाई, तुम्ही' म्हणणारा तो माणूस त्या एकाच वेळी म्हणाला,

"काहून सांगू वं? सांगाचं तं तुले होतं. आता फुली तूच मार, उद्या पट्टीवर गाडी पाहू, मी समोर उभा राहतोच. पण आधी मागच्या गल्लीत माह्या घरी जाय. माही बायको मशीनवर बसली असंन. तिले सांग, 'उद्या तुह्या नवऱ्याच्या अंगावर गाडी सोडून राहिली मी.' ती काय म्हणते ते ऐक, अन् मंग खडू उचल."