चंदन आधी आलं

भुताखेतांच्या गोष्टी घेऊन कोणी दुकानात आलं, की मी म्हणत असे, "इथे अत्तर मिळतं, अफवा नाही." असल्या गोष्टींवर माझा आजही विश्वास नाही. तरी लिहितोय... कारण यात दुसऱ्या एका माणसाचं नाव अडकलंय.

शनिवार पेठेत आमचं अत्तराचं दुकान होतं. पुरुषांसाठी आम्ही एक सेंट बनवायचो — वर लिंबू, मध्ये लवेंडर, तळाला चंदन. लावल्याबरोबर लिंबू येतं आणि उडून जातं, मग बराच वेळ लवेंडर, आणि संध्याकाळी शर्ट काढताना उरतं ते चंदन. क्रम हाच, कधी बदलत नाही. मिश्रण याकूबभाईंचं. ते आमच्याकडे कामाला होते आणि स्वतःही रोज तेच लावत. त्यांचा एक नियम होता: सर्दी झालेल्यानं बाटलीला हात लावायचा नाही.

एका शुक्रवारी ते नमाजाला गेले असताना लग्नाच्या ऑर्डरवाल्यांनी घाई केली. मला सणकून सर्दी झाली होती. तरी मीच मिश्रण केलं. लवंगेचं तेल टाकलं, वास येईना, म्हणून टाकतच गेलो. मांडवात पाहुण्यांच्या मनगटांना ते अत्तर लागलं आणि माणसं डोकं धरून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील दुकानात येऊन नको नको ते बोलले. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, शेजारचे दुकानदारही जमले होते. मी म्हणालो, "काय करणार, याकूबभाईंचं नाक गेलंय आता."

याकूबभाई तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली बाटली जागेवर ठेवली आणि गेले. नाक गेलेल्या माणसाला अत्तराचं काम कोण देणार? पुढे खडकीत एका गोदामावर ते वॉचमन होते, एवढंच कानावर आलं. मी कधी गेलो नाही.

आता दुकान नाही. मी कोथरूडला मुलाकडे असतो. मध्यंतरी एक ताप आला आणि माझा वासच गेला — कायमचा. शेजारी दूध करपलं तरी मी पेपर वाचत बसतो. सून मेधा म्हणते, "बाबा, तुमच्या भरवशावर गॅस ठेवायची सोय नाही."

अशात एका दुपारी मला चंदनाचा वास आला. मी पेपर खाली ठेवला. मग लवेंडर आलं. आणि मग लिंबू... इतकं ताजं, की कोणीतरी आत्ताच लावून खुर्चीशी येऊन उभं राहावं. क्रम उलटा होता. ते सेंट घरात नाही, बाजारातूनही केव्हाच गेलं. मेधा आतून आली. "कोण आलं होतं, बाबा? लिंबाचा वास येतोय."

याकूबभाई वारल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

वास येतच राहिला. नेहमी उलटा, नेहमी खुर्चीपर्यंत. शेवटी मी खडकीला त्यांच्या मुलीकडे, नसीमकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"अब्बांना माहीत होतं, काका. तुम्ही त्या दिवशी नाकात बोलत होतात म्हणे."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

दाराशी सोडताना ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा."

पेठेत जाऊन आलो. त्यातलं कोणी उरलेलं नाही, दुकानांत मोबाईलची कव्हरं लटकतायत. म्हणून इथे लिहितो, त्यांची मुलं-नातवंडं तरी वाचतील: ते मिश्रण मी बिघडवलं. याकूबभाईंच्या नाकाला काहीही झालेलं नव्हतं.

हे वाक्य लिहून पेन ठेवलं आणि लिंबाचा वास आला. पहिल्यांदाच आधी लिंबू... मग लवेंडर.

डॉक्टर म्हणतात, मेंदूचे खेळ. मग मेधाला कसा आला, विचारलं तर गोळ्या लिहून देतात.

आता फक्त चंदन उरलंय, तेही उतरत चाललंय. खुर्चीवरून उठावंसं वाटत नाही.