बिटाच्या दोन फोडी

आईच्या छातीत गाठ होती आणि ती तपासणीची सुई टोचू द्यायला तयार नव्हती. "सुई लागली की गाठ पसरती," हे तिचं एकच पालुपद. मी लातूरला सोनोग्राफी शिकणारी डॉक्टर, आणि लोह्याला माझ्याच घरात माझं कुणी ऐकेना! डोकं फिरायचं नुसतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मला सरावासाठी नकली स्तन करायचा होता. खऱ्या बाईला हात लावण्याआधी आम्ही असल्या स्तनात सुई घालून शिकतो. जेलीसारखं घट्ट होणारं चायना ग्रास उकळायचं, त्यात इसबगोल घालायचं, म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर मांसासारखं दाणेदार दिसतं. गाठ म्हणून आत वाटाणा पुरायचा.

"हे काय करून राहिलीस?" आई गॅसपाशी आली. सांगितल्यावर हसायलाच लागली. "अगं माय! मग गाठी मी घालते. तू तिकडं तोंड कर."

काय घातलं ते काही केल्या सांगेना. पण आत कसं दिसतं ते बघितल्याशिवाय तिलाही चैन पडेना. सोनोग्राफीचं मशीन दवाखान्याबाहेर नेता येत नाही, कायदाच तसा आहे. मग काय, लातूरचं नाव काढलं की तोंड फिरवणारी बाई त्या नकली स्तनाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसली.

दवाखान्यात पडद्यावर दोन गाठी दिसल्या. "एकीलाच टोच," तिनं बजावलं. मी टोचलं. "आता काप."

कापलं, तर बिटाच्या फोडी! सुईनं पसरतं का ते लाल रंगावरून कळावं म्हणून तिनं मुद्दाम बीट घातलं होतं. टोचलेल्या फोडीभोवती लाली पसरली होती. झालं, म्हटलं, आता ही घरी निघणार. पण न टोचलेल्या फोडीभोवतीही तेवढीच लाली होती.

"अगं, बीट रंग सोडणारच! सुईचा काय संबंध?" मी वैतागून म्हणाले.

ती त्या दुसऱ्या फोडीकडे बघतच राहिली. "हिला तर कुणी हातबी लावला न्हाई. तरी पसरलीच की."

तिनं चपला काढल्या आणि आपणहून खाटेवर चढली.

"बोलव तुझ्या मोठ्या म्याडमला. आन् तू माझा हात धर. लई भ्या वाटून राहिलं."