चौदा नंबरचा पोर्ट

४ मार्चला १२,४६० रुपयांचा नवा नेटवर्क स्विच बसवला, तरी ऑफिसचं इंटरनेट रोज अकराला रांगायचंच. माझा संशय जावक विभागातल्या बाईंवर होता. त्यांचा कॉम्प्युटर काढून घ्यायचं पत्र मी तयारही ठेवलं.

आमचे केबलवाले भाऊ कुणावर पटकन आळ घेत नाहीत. “साहेब, आधी बघू तरी. चुकलात तर तिघांचा चहा तुमच्याकडून.”

स्विचच्या कुठल्या पोर्टमधून, म्हणजे कुणाच्या कॉम्प्युटरच्या केबलमधून, किती डेटा जातो, हे आपल्या दुकानात बसून दिसेल अशी सोय त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला.

“चोर सापडला. चौदा नंबरचा पोर्ट.”

“कुणाचा?”

“तुमचाच! हिशेबाच्या फायलींचा इंटरनेटवर बॅकअप रोज अकराला लावलाय तुम्ही.”

मी बाईंना सगळं सांगून पत्र फाडलं. बाई म्हणाल्या, “काखेत कळसा, साहेब!”

तीन चहा अजून द्यायचे आहेत.