मधला ओटा

हसनाबादच्या बायकांना विचाराल तर त्या सांगतील, गावात मन मोकळं करायला एकच जागा आहे, ती म्हणजे वच्छलाबाईंचा उंबरा. गाऱ्हाणं सुनेचं असो की जावेचं, वच्छलाबाई हातातलं काम खाली ठेवतात, समोर येऊन बसतात आणि बोलणारीच्या तोंडाकडे असं टक लावून बघतात की तिला वाटावं, आपलं एवढं तर आईनंही कधी ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी मान हलवून त्या "व्हय का, माय," एवढंच म्हणतात. सल्ला देत नाहीत, इकडचं तिकडे करत नाहीत. बाई हलकी होऊन घरी जाते.

आता खरं सांगायचं तर वच्छलाबाईंना ऐकू येत नव्हतं. ठार बहिऱ्या नव्हत्या त्या. समोरच्याचे ओठ दिसले की सगळं कळायचं, पण त्यानं तोंड फिरवलं की बोलणं विहिरीत पडायचं. हे सहा-सात वर्षांपासून हळूहळू होत गेलं होतं. कुकरच्या शिट्ट्या त्या डोळ्यांनी मोजायच्या. फोन वाजला की त्यांचे हात नेमके पिठात असायचे. टीव्हीवरच्या मालिका तर त्यांनी सोडूनच दिल्या, कारण तिथली माणसं रडायला लागली की तोंडावर पदर घेतात आणि पुढचं काही कळत नाही.

घरात मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि त्याला कारण होतं. त्यांची सासू गिरिजाबाई म्हातारपणी बहिरी झाली होती. सुरुवातीला सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे, मग हसून बोलायचे, आणि शेवटी कुणी बोलायचंच नाही. घरातली लग्नं तिच्यासमोर ठरायची आणि तिला वरातीच्या दिवशी कळायची. "जाऊ द्या, त्यान्ला कुठं ऐकू येतंय," असं म्हणणाऱ्यांत वच्छलाबाई स्वतः होत्या, आणि एकदा नाही, रोज म्हणायच्या. त्याची लाज त्यांना अजून वाटायची. आपल्या वाट्याला ते येऊ नये म्हणून ही सगळी हुशारी चालली होती.

त्या हुशारीचं राजधानीचं ठिकाण म्हणजे त्यांचं पत्र्याचं स्वयंपाकघर. चूल जवळजवळ मधोमध होती. त्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, पूर्वेकडे तोंड करून भाकरी थापायच्या आणि घरचे सगळे चुलीपलीकडे त्यांच्यासमोर मांडी घालून जेवायचे. एकाही तोंडातून निसटून जायला वाट नव्हती. मिशीवर बोट गेलं की नवऱ्याला भाकरी हवी असायची. परमेश्वर, म्हणजे त्यांचा लेक, पाण्याच्या तांब्याकडे बघून बोलायला लागला की तो खोटं बोलतोय हे त्यांना शब्द कळायच्या आधीच कळायचं.

पण नवऱ्याच्या, आबारावांच्या, गुडघ्यांनी दावा मांडला. खाली बसलेला माणूस दोघांनी उचलल्याशिवाय उठेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता टेबलावर जेवा. तेव्हा ठरलं की पत्र्याची खोली पाडायची आणि तिथं दहा बाय चौदाची स्लॅबची खोली बांधायची. स्वयंपाक आणि जेवण एकातच. भुईवरची चूल जाणार आणि उभ्यानं रांधायचा ओटा येणार.

जोत्यापर्यंत काम आलं आणि गवंडी बद्रीनाथनं विचारलं, "आबा, वटा कोन्या भिंतीला? मोरीचा पाइप कुठून काढू तेवढं सांगा, मंग पुढचं करतो."

एवढ्या साध्या प्रश्नावर त्या घराचे नऊ दिवस गेले.

आबाराव म्हणजे असातसा माणूस नव्हे. हसनाबादेतच काय, पार पिंपळगाव रेणुकाईपर्यंत कुठं बांधावरून भांडण पेटलं की आबारावांना बोलावणं यायचं. त्यांची एक रीत होती. आधी एका शेतात उभं राहून बांध बघायचा, मग पलीकडच्या शेतात जाऊन बघायचा, आणि दोन्हीकडून बघितल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. अशा माणसाला घरातल्या दहा बाय चौदाची काय कथा? त्यांनी जोत्यावर चुन्याची फक्की ओढून एका संध्याकाळी निकालही देऊन टाकला. पूर्वेच्या भिंतीला सरळ ओटा, मागं टेबल.

वच्छलाबाई त्या पांढऱ्या रेघांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तोंड भिंतीकडे, पाठ जेवणाऱ्यांकडे. म्हणजे रोज दोन वेळा सगळं घर त्यांच्या पाठीमागं जेवणार, बोलणार, ठरवणार, आणि त्या गिरिजाबाई होऊन भाकरी थापणार.

"जेवणाऱ्याला पाठ दावावं का?" त्या म्हणाल्या. "अन्नाचा मान ऱ्हात न्हाई."

"अन्न पुढून येतंय का मागून, पोटाला काय कळतंय?" आबाराव म्हणाले.

सून शीतल समजूतदार होती. तिनं मोबाइलवर चित्रं काढून दाखवली. पहिल्याच चित्रात ओटा खोलीच्या मधोमध होता. ते बघून आबाराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "वटा हाये का देवळातली पिंड? परदक्षिणा घालायची का त्याला?" शीतलनं ते चित्र पुढं ढकललं.

मग दोन भिंतींना धरून काटकोनात ओटा निघाला. वच्छलाबाई म्हणाल्या, कोपऱ्यात झुरळं होतात. मग उत्तरेच्या भिंतीला ओटा आणि टेबल बाजूला, म्हणजे निदान एक गाल तरी माणसांकडे राहील असा निघाला. एका गालावरून काय वाचता येणार? वच्छलाबाई म्हणाल्या, "पूर्वेकडं तोंड केल्याबगर मी सैपाक करणार न्हाई." हे बोलून त्या स्वतःच्याच शब्दात अडकल्या, कारण आबारावांनी लगेच पूर्वेच्या भिंतीवर बोट ठेवलं. "मंग मी पयल्या दिवशी काय सांगितलं?"

शीतलला वाटलं, आत्यांना मुळात ओटाच नको आहे, नाचता येईना अंगण वाकडं. बद्रीनाथला वाटलं, मोठ्या घरच्या बायका अशाच. आबारावांना वाटलं, बायको त्यांच्यावर रुसली आहे, आणि ते आपण काय चुकलो याची आठवण करत बसले. यादी लांब निघाली म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

शेवटी त्यांनी फर्मान काढलं. "रविवारी परमेश्वर घरी हाये. त्याच फक्कीवर सैपाक करायचा, त्याच फक्कीवर जेवायचं. बराबर वाटलं तर सोमवारी भिंत."

रविवारी जोत्यावर बिनभिंतींचा संसार मांडला गेला. पूर्वेच्या रेघेपासून थोडं आत सरकीच्या पेंडीची पोती रचली, त्यावर सेंट्रिंगची फळी टाकली आणि फळीवर गॅसची शेगडी. मागं टेबल म्हणून बाज, तिच्यावर आणखी एक फळी. बाजेपलीकडे तीन खुर्च्या. येणारे-जाणारे रस्त्यात थांबून बघत होते.

वच्छलाबाई रात्रभर विचार करून आल्या होत्या. त्यांनी घासूनपुसून लखलखीत केलेली मोठी परात आणली आणि पिठाच्या डब्याला टेकवून शेगडीपलीकडे उभी केली. कुणी विचारलं असतं तर वाऱ्याला आडोसा म्हणून सांगणार होत्या. कुणी विचारलं नाही. परातीत मागची तिन्ही तोंडं दिसत होती. आबारावांचं नाक भोपळ्याएवढं झालं होतं आणि परमेश्वरला कपाळच उरलं नव्हतं, पण ओठ हलताना कळत होते.

भोपळ्याएवढ्या नाकाखाली बोट गेलं. वच्छलाबाईंनी न वळता मागं भाकरी दिली.

"ठेचा," परातीतले ओठ म्हणाले. ठेचा गेला.

"बघा," आबाराव खूश होऊन म्हणाले, "काय अडलं? उगंच नऊ दिवस घालवले."

वच्छलाबाईंनाही वाटलं, जमलं की आपल्याला. भिंतीला एक परात कायमची टांगली की झालं. त्या चौथी भाकरी थापायला लागल्या, आणि तेवढ्यात शीतल उठली. "आत्या, ही परात का अडकून ठेवली? काकड्या चिरून घेते," असं काहीसं म्हणून तिनं परात उचलून नेली.

वच्छलाबाईंसमोर पिठाचा डबा राहिला. त्याच्यापलीकडे जोत्याची कड, आणि मग शेवग्याचं झाड. त्या भाकरी थापत राहिल्या. मागं काय चाललंय याचा काही अंदाज येईना. वळावं तर तव्यावरची करपेल, न वळावं तर जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी भाकरी उतरवून त्या वळल्या. आबारावांचा हात पुढं होता, परमेश्वरचा हात पुढं होता, शीतल चिरलेली काकडी धरून उभी होती, आणि तिघंही त्यांच्याकडे बघत होती. किती वेळचं बघत होती कुणास ठाऊक.

"माय, चारदा मागितली भाकर," परमेश्वर म्हणाला. "कोन्या तंद्रीत हाईस?"

वच्छलाबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी भाकरी दिली आणि पुन्हा शेगडीकडे वळल्या. त्यांना वाटलं, झालं, आता आजपासून ओरडून बोलतील, मग हसतील, मग बोलायचे थांबतील.

आबारावांनी भाकरीला हात लावला नाही. खुर्चीला धरून ते उठले. गुडघे कुरकुरले. आधी ते बायकोच्या पाठीमागं उभे राहिले आणि बेताच्या आवाजात काहीतरी म्हणाले. ती भाकरी थापत राहिली. मग पोत्यांना वळसा घालून, शेवग्याकडच्या कडेवर, जिथं उद्या भिंत उभी राहणार होती तिथं ते जाऊन तिच्यासमोर उभे राहिले. दोन्हीकडून बघितल्याशिवाय निकाल न देणारा माणूस. तिथून ते इतक्या हळू बोलले की दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या शीतललाही काही कळलं नाही.

"भाकर दे."

वच्छलाबाईंनी भाकरी पुढं केली.

आबाराव ती हातात घेऊन तसेच उभे राहिले. साऱ्या मुलखाची भांडणं मिटवत हिंडलेल्या माणसाला घरातलं एवढं कळलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. त्यांचा चेहरा पडला, आणि वच्छलाबाईंनी तो वाचला, कारण वाचायचंच काम होतं त्यांचं. तो काय म्हणतोय हे त्यांना कळलं आणि त्यांनी मान खाली घातली.

आबारावांनी चपलेनं फक्कीची रेघ पुसून टाकली.

"बद्री," त्यांनी रस्त्यात तमाशा बघत उभ्या असलेल्या गवंड्याला हाक मारली. "वटा भिंतीला नको. हितं घे, मधी. ही तिकडून उभी ऱ्हाईल, पूर्वेकडं तोंड करून. आमी इकडून, तिच्या समोर. टेबल वट्यालाच लावून."

"आबा, मधी?" बद्रीनाथ म्हणाला. "वावराच्या मधी बांध घातल्यावानी? लोक हासतेन."

"बांधाच्या दोन बाजूला दोन माणसं तोंडासमोर तोंड करून उभी ऱ्हातेत. म्हणून तर त्यायचं मिटतं. पाठ करून कुणाचं मिटलं, सांग बरं?"

"मामा, हे चित्र मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं," शीतल म्हणाली. "तुमी पिंड म्हणलात."

"व्हय. आता म्हातारपणी परदक्षिणा घालीन," आबाराव म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मला हिच्या पाठीकडं बघत जेवण जात न्हाई. तोंड दिसलं तरच घास उतरतो. बस."

परमेश्वरनं खाली बघितलं. शीतल पदरात हसली. रस्त्यावर तर हशा पिकला, आणि ती गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर झाली. पुढं कित्येक दिवस पारावरचे लोक आबारावांना विचारत राहिले, घास उतरला का? आबाराव निमूटपणे सगळं ऐकून घेत. उभ्या आयुष्यात कुणाचं एवढं त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. खरं कारण त्यांनी परमेश्वरलाही सांगितलं नाही.

खोली झाली. मधला ओटा, इकडं वच्छलाबाई, पलीकडं टेबल आणि त्याला टेकून माणसं. पहिल्या जेवणाला वच्छलाबाईंनी समोर बघितलं तेव्हा सगळी तोंडं जागच्या जागी होती. परमेश्वर आल्या आल्या तांब्याकडे बघून बोलायला लागला. त्यांना बरं वाटलं.

जेवताना मान वर करून आबारावांनी आवाज न करता नुसते ओठ हलवले. "कवापासून?"

"लई दिस झाले," वच्छलाबाई म्हणाल्या.

"काय लई दिस झाले, आत्या?" शीतलनं विचारलं.

"सगळ्यायनी असं संगं जेवल्याला."

आबारावांचे ओठ पुन्हा हलले. "जालन्याला जाऊ. कान दाखवू."

वच्छलाबाईंनी पाठ फिरवली. या मांडणीची ही एक सोय कुणाच्या ध्यानात आली नव्हती. नको असलेलं बोलणं नुसतं वळून बंद करता येत होतं. त्यांनी मागच्या मांडणीवरचे डबे पुसायला घेतले. तिखटाचा पुसला, मिठाचा पुसला, साखरेचा तर सकाळीच पुसला होता, तो पुन्हा पुसला. डॉक्टर म्हणजे घरात सगळ्यांना कळणार. म्हणजे ओरडून बोलणं आलं. त्यांना भीती वाटत होती, आणि पाठ करून भीती कमी होत नव्हती.

बऱ्याच वेळानं त्या वळल्या. आबारावांनी ताटातला एक घास खाल्ला नव्हता. ते वाटच बघत होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, तेवढ्याच सावकाश, ओठ हलवायला सुरुवात केली.

वच्छलाबाईंनी गरम भाकरी ओट्यावरून पलीकडे सरकवली.

"सोमवारी," त्या म्हणाल्या.

"सोमवारी काय?" शीतलनं विचारलं.

या वेळी दोघांनाही ऐकू आलं नाही.